कुठी नेलं?

डंभारेभाऊंसमोर 'छान' म्हणायची चोरी होती. 'मस्त', 'गोड', 'बरं आहे', 'चालेल' हे शब्दसुद्धा त्यांच्या टेबलावर बाद होते. कोणाच्या तोंडून चुकून निघालाच, तर ते हातातला पेला खाली ठेवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, "छान तं साऱ्यायचेच जावई राह्यते. चवीचं सांग."

हे टेबल नागपूरबाहेर वाडीच्या पुढे, अमरावती रोडला लागून असलेल्या आमच्या सरबताच्या कारखान्यातलं. बाहेर दिवसभर ट्रकांची घरघर, धूळ, डिझेलचा वास. आत संत्र्याचा, लिंबाचा, जांभळाचा. मी तिथे लॅबमध्ये होते. सरबताच्या प्रत्येक घाण्यातली साखर किती, आम्ल किती, हे माझं यंत्र सांगायचं. पण माल बाहेर जायचा तो यंत्राच्या नव्हे, डंभारेभाऊंच्या हुकमाने. रोज सकाळी, चहाची चव जिभेवरून उतरली की चार माणसं त्या टेबलाशी बसून नवीन माल चाखायची. भाऊ स्वतः, लॅबची मी, हिशेबातल्या कुंदाताई आणि बॉयलरवाले रशीदभाई. कागदोपत्री त्याला काहीतरी इंग्रजी नाव होतं. आम्ही आणि सगळा कारखाना त्याला पंचायत म्हणायचो.

पंचायतीचे कायदे कडक होते. सकाळपासून कांदा नाही, वासाचं तेल नाही, आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन आलेल्याला तर दारातूनच परत. दोन घोटांच्या मधे बिनमिठाचे मुरमुरे चावायचे, म्हणजे जीभ कोरी होते. पहिल्या घोटाला कोणी बोलायचं नाही. दुसऱ्या घोटानंतर भाऊ एकेकाकडे बघून एवढंच विचारायचे, "कुठी नेलं?"

पहिल्या दिवशी मला तो प्रश्नच कळला नाही. मी नवी, शिकलेली, जरा तोऱ्यातच होते. म्हटलं, "छान आहे. थोडं आंबट आहे."

"आंबट ते तुही मशीन सांगते," भाऊ म्हणाले. "तुले कुठी नेलं, ते सांग. डोळे मिट अन् सांग."

कुंदाताई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी चिडून डोळे मिटले आणि आलं ते बोलून टाकलं, "शाळेच्या डब्याचं झाकण. ॲल्युमिनियमचं. मी ते चाटायची."

मला वाटलं, आता सगळे हसतील. भाऊ उठले आणि पंचायत तशीच सोडून थेट पाइपलाइन बघायला गेले. आदल्या रात्रीच्या दुरुस्तीत एका जोडावर भलत्याच धातूचा तुकडा बसवलेला निघाला. माझ्या यंत्राला त्याचा पत्ताही नव्हता. परत आल्यावर भाऊंनी माझ्यापुढे मुरमुऱ्यांची वाटी सरकवली. "बस वं नंदे. तू आता आमची." त्या एका वाक्याने मी किती दिवस फुलून होते, हे आज सांगतानाही राग येतो.

दिसायला भाऊ अगदीच साधे होते. बुटके, गोल, अर्ध्या बाहीचा शर्ट, खिशात पेनाऐवजी रुमालात गुंडाळलेला स्टीलचा छोटा पेला. तो पेला त्यांच्याबरोबर सगळीकडे जायचा. त्यावर नाव मात्र भलत्याच कोणा 'सौ. शांताबाई' यांचं कोरलेलं होतं. कुठल्या पंगतीतून तो त्यांच्याकडे आला, देव जाणे. रशीदभाई छेडायचे, "भाऊ, ये शांताबाई कौन है?" भाऊ शांतपणे पेला पुसत म्हणायचे, "नाव कोणाचंबी असो, घोट आपला."

वास घ्यायचं त्यांना व्यसन होतं. लग्नाला गेले की आधी मांडवामागे, जिथे मठ्ठ्याची पातेली असतात तिथे. कुंदाताईंनी स्कूटी घेतली तर हा माणूस पेढा हातात धरून सीटचा वास घेत उभा. पेट्रोल पंपावर, औषधाच्या दुकानात, नव्या रंगवलेल्या भिंतीशी, सगळीकडे त्यांचं नाक पुढे आणि ते मागे.

पण भाऊंची खरी कमाल जिभेची नव्हती, नाकाचीही नव्हती. ती कानांची होती. त्यांच्यासारखं ऐकणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. तुम्ही बोलायला लागलात की त्यांची मान किंचित डावीकडे कलायची, नजर तुमच्या ओठांवर यायची आणि अंगठा पेल्याच्या काठावरून हळूहळू फिरत राहायचा. मधे हूं नाही, चूं नाही. तुम्हाला वाटायचं, आपलं बोलणं एवढं मोलाचं आहे हे आपल्याला आजवर कोणी सांगितलंच कसं नाही? मग माणसं बोलतच जायची. कुंदाताईंनी त्या टेबलावर जांभळांची गोष्ट सांगितली. झाडावर चढून खाल्लेली जांभळं, नव्या पांढऱ्या फ्रॉकवर पडलेला डाग, आणि आईने अंगणात धुणं बडवायच्या धोपाटण्याने दिलेला मार. रशीदभाई ऐन विशीत ट्रक चालवायचे. गुळाच्या पोत्यांवर झोपून काढलेल्या रात्रींचं त्यांनी सांगितलं. दिवसभराच्या उन्हाने गूळ पाझरायचा आणि सकाळी शर्ट पाठीला चिकटलेला असायचा. एका घोटात आम्ही कुठून कुठे जाऊन यायचो.

भाऊ स्वतः मात्र कधीच कुठे गेले नाहीत. "तुम्हाला कुठे नेलं, भाऊ?" असं विचारलं की हात झटकायचे. "माहं काय घेऊन बसली? मी तं पंच." त्यांचं थोडंफार कळलं ते कुंदाताईंकडून, हळदीकुंकवाला भाऊंच्या घरी वहिनी बोलून गेल्या म्हणून. वडील गेले तेव्हा भाऊ पाळण्यात होते. पुढे काटोलकडे मामाच्या घरी वाढले. मामाची संत्र्याची बाग होती, पण घरात हे एक खाणारं तोंड जास्तीचं होतं, आणि ते जास्तीचं आहे हे रोज ऐकवलं जायचं. कुंदाताईंनी हे सांगितल्यावर आम्ही त्यांना तो प्रश्न विचारणं सोडून दिलं. आम्हाला वाटलं, माणसाची जखम आहे, आपण कशाला बोट लावायचं?

एका उन्हाळ्यातली गोष्ट सांगते. माल कमी पडत होता, ट्रक फाटकाशी उभे होते आणि मालकांचे चिरंजीव, धाकटे शेठ, स्वतः पंचायतीच्या खोलीत येऊन उभे राहिले होते. माझ्या यंत्राने माल पास केला होता. पहिला घोट झाला, मुरमुरे झाले, दुसरा घोट झाला.

"रशीद, कुठी नेलं?"

रशीदभाईंनी पेल्यात पाहिलं, छताकडे पाहिलं. "कहीं नहीं ले गया, भाऊ. यहींच बैठा हूँ."

कुंदाताई म्हणाल्या, कुठेच नाही. मीही तेच म्हणाले, कारण तेच खरं होतं.

भाऊ उठले. "माल जात नाही."

धाकटे शेठ भडकले. "अहो, सरबताने कुठे न्यायचंय माणसाला? तहान भागली की झालं!"

"तहान पाण्यानं भागते, शेठ," भाऊ म्हणाले. "मंग सरबत काहून पेते माणूस?"

शेठ काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. भाऊ खाली मान घालून ऐकत राहिले, पण घाणा रोखला तो रोखलाच. नंतर कळलं, घाईत कोणीतरी गेल्या वर्षीचा उरलेला गर त्यात ढकलला होता. शेठ गेल्यावर भाऊ आमच्याकडे वळले आणि म्हणाले, "एक ध्यानात ठेवा. पंचायतीत खोटं बोलाचं नाही. चांगलं नाही अन् वाईटबी नाही." त्या दिवशी माझ्या लेखी त्यांच्याएवढा सरळ माणूस अख्ख्या नागपुरात नव्हता.

आता जे सांगायचं आहे, त्यासाठी मला माझ्या बाबांकडे जावं लागेल. बाबा गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात नोकरीला होते. जन्मभर त्यांनी मलमलीचे तागे मोजले, उलगडले, पुन्हा घडी करून ठेवले. घरी आले की त्यांच्या हातांना नव्या कापडाच्या खळीचा वास यायचा. आणि खर्रा. नागपुरात हे वेगळं सांगावं लागत नाही. तोंडाचा कर्करोग झाला, आवाज गेला, गिळणं बंद झालं. शेवटी शेवटी ते हाताने संत्र्याची खूण करायचे. मग मी त्यांच्याच दुकानातून आलेल्या मलमलीचा तुकडा रसात बुडवायची आणि त्यांच्या ओठांवर ठेवायची. ते तो चोखायचे. नव्या कापडाची खळ आणि संत्रं. बाबांची शेवटची चव ती होती.

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. आईला नाही, नवऱ्याला नाही. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं आणि मी या कारखान्यात आले होते. एक दिवस पंचायतीत संत्र्याचा रस आला. गाळायचं कापड नवीन होतं आणि कोणीतरी ते न धुताच वापरलं होतं. दुसरा घोट घेतला आणि मी पेला खाली ठेवला.

"नंदे, कुठी नेलं?"

मी बोलायला लागले आणि थांबताच येईना. खाट, मलमल, ओठ, सगळं. भाऊंची मान डावीकडे कलली होती, अंगठा पेल्यावर फिरत होता. माझं संपलं तेव्हा त्यांनी चौघांचे पेले हळूच उपडे केले. "आज पंचायत उठली," एवढंच म्हणाले. माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले आणि मी रडत होते तोवर कारखान्याकडे पाठ करून माझ्या आणि लोकांच्या मधे उभे राहिले, म्हणजे कोणाला दिसू नये. समजूत घालणारे खूप भेटले होते, असा आडोसा देणारा कोणी भेटला नव्हता. त्या वर्षीपासून मी त्यांना राखी बांधायला लागले.

एक गोष्ट मात्र मी त्या दिवशीही सांगितली नाही. त्या खाटेपाशी आणखी काहीतरी झालं होतं, एवढंसंच. ते बाबांचं आणि माझं होतं. म्हटलं, हे राहू दे आपल्याजवळ.

पुढे कारखाना विकला गेला. नव्या मालकांना पंचायत नको होती, त्यांच्याकडे मोठी यंत्रं होती. रशीदभाई गावाकडे परतले, कुंदाताई नातवंडांत रमल्या, मी एका कॉलेजात लागले. राखीला जाणं व्हायचं, पण तेही हळूहळू फोनवर आलं. भाऊंचं एवढं कळलं की मिहानच्या पलीकडे कोणी तरुण नवरा-बायको बियर बनवतात, त्यांच्याकडे ते चव बघायला जातात. सरबतवाले भाऊ बियरमध्ये! आम्हाला हसू आलं आणि बरंही वाटलं.

मग या जानेवारीत कुंदाताईंचा फोन आला. "अवं, वर्धा रोडच्या लॉनवर इथल्याच बियरचा अन् वाईनचा मेळा लागून राहिला. आपल्या भाऊचा स्टॉल हाय. चाल ना वं, पाहून येऊ."

"आपण? बियरच्या मेळ्यात?"

"काहून, आपल्याले जीभ नाही का?"

घरी प्रदर्शनाला चाललोय असं सांगून निघालो. खोटं नव्हतं ते. दुपारचं कोवळं ऊन होतं, लॉनवर रंगीत कापडं बांधली होती, एका कोपऱ्यात सावजी रश्शाचा घमघमाट सुटला होता. सगळी तरुण मंडळी. मधे आम्ही दोघी साड्या नेसून, खांद्यावर शाली घेऊन. जांभळाची वाईन, बोरांची वाईन, मोहाची, संत्र्याची बियर. घोटभर चाखायला छोटे छोटे ग्लास. कुंदाताईंनी एका ठिकाणी लालभडक काहीतरी तोंडात घेतलं आणि डोळे घट्ट मिटले. "हे तं खोकल्याचं औषध हाय वं." मग दुसरा घोट घेतला. "पण चांगल्या डॉक्टरचं हाय."

भाऊंचा मांडव शेवटी होता आणि तिथेच सगळ्यात जास्त गर्दी होती. बाकांवर लोक बसवले होते. समोर भाऊ. अंगात केशरी जाकीट, गालापाशी माइक, हातात तोच शांताबाईंचा पेला. प्रत्येक बाकापुढे मुरमुऱ्यांची वाटी! कारखाना बुडाला, पण आपली पंचायत इथवर आली, असं वाटलं. आम्ही मागच्या बाकावर शिरलो.

"मित्रांनो," भाऊ म्हणाले, "माझ्याकडे एकच नियम आहे. 'छान' म्हणायचं नाही."

लोक हसले. भाऊ पुस्तकातलं मराठी बोलत होते. मला जरा गंमत वाटली.

पहिली जांभळाची वाईन आली. भाऊंनी पेला वर धरला. "मी लहान होतो. जांभळाच्या झाडावर चढलो होतो. अंगात नवा पांढरा सदरा. आईने धुण्याच्या धोपाटण्याने असं बडवलं..."

कुंदाताईंनी माझी मांडी दाबली. "अवं माय! हे तं माहं हाय!" आणि हसायला लागल्या. "भाऊनं माहा मार खाल्ला वं!" त्यांना खरंच आनंद झाला होता. आपली गोष्ट एवढ्या लोकांत गेली म्हणून त्या आजूबाजूला बघत होत्या. मीही हसले. दुसरी बोरांची वाईन आली आणि भाऊ ऐन विशीत गुळाच्या पोत्यांवर झोपून ट्रकने निघाले. तेव्हा मला हसू आलं नाही. रशीदभाईंना हे कधी कळणारही नाही, असं मनात आलं.

"आता शेवटची," भाऊ म्हणाले. त्यांनी आवाज खाली आणला. "ही संत्र्याची बियर. ही माझी आहे. हिचं नाव मलमल."

मला तेव्हाच उठून जायला हवं होतं.

"माझे बाबा गांधीबागेत कापडाच्या दुकानात होते. हातांना नेहमी खळीचा वास. शेवटच्या आजारात त्यांना गिळता येत नव्हतं. मी मलमलीचा तुकडा संत्र्याच्या रसात भिजवून त्यांच्या ओठांवर ठेवायचो..."

सगळं होतं. खाट होती, ओठ होते, माझा हातही होता, फक्त तो आता त्यांचा झाला होता. शेवटी ते थांबले. "आणि बाबा म्हणाले, गोड आहे रे, बाळा." पुढच्या बाकावरची एक मुलगी डोळे पुसायला लागली. कोणीतरी मोबाइल उंच धरून हे सगळं टिपत होतं.

माझ्या हातात ग्लास आला होता. मी वास घेतला. खळ. नवं कापड. संत्र्याची साल. पहिला घोट घेतला आणि थेट बाबांच्या खाटेपाशी गेले. त्यांनी ती चव अगदी बरोबर पकडली होती. वाईट असती तर मी हसून घरी गेले असते. ती खरी होती, आणि तेच मला सहन होईना.

"आता दुसरा घोट. आणि सांगा, कुठे नेलं?" भाऊ विचारत चालले. कोणी म्हणालं आजोळी, कोणी म्हणालं वसतिगृहाच्या गच्चीवर. मग त्यांची नजर आमच्यावर पडली. मला वाटलं होतं, माणूस चपापेल. तसलं काही झालं नाही. त्यांचा चेहरा आनंदाने उजळला, आणि तो आनंद अगदी खरा होता. "अरे वा! माझ्या जुन्या पंचायतीतल्या ताई आल्यात! यांच्यासारखी जीभ तुम्हाला नागपुरात मिळायची नाही. नंदाताई, उभ्या राहा. सांगा, कुठे नेलं?"

सगळे मागे वळून बघायला लागले. मी उभी राहिले.

"कुठेच नाही," मी म्हणाले.

भाऊंचा अंगठा पेल्याच्या काठावर थांबला. सगळ्या मांडवात आम्हा तिघांनाच माहीत होतं की याचा अर्थ काय होतो. पंचायतीत मी पहिल्यांदाच खोटं बोलले होते. भाऊ माझ्याकडे बघून हसले. "ताईंची जीभ कडक आहे, मित्रांनो. चला, टाळ्या होऊन जाऊ द्या." टाळ्या झाल्या.

त्या फेरीचे लोक उठले तसे भाऊ माइक काढून मांडवामागे आमच्याकडे आले. हातात पेला होताच.

"काहून वं नंदे, असं काहून म्हटलं? किती डाव बियर फेकून देली तवा उतरली ते चव. तांदुळाची कांजी टाकली तवा कुठी खळ लागली जिभेले. तुले तं कळलं असंन."

"ते माझे बाबा आहेत, भाऊ."

"मले मालूम नाही का?" ते मला समजावू लागले. "पण दुसऱ्याचं सांगतो म्हटलं का लोकं आयकत नाहीत वं. माहं हाय म्हणा लागते."

"मग मला विचारायचं होतं."

"अन् तुह्या बापाचं नाव असं बियरच्या बाजारात काढू? मी तं झाकलं त्याइले." हे ते मनापासून बोलत होते. आपण माझ्यावर उपकारच केला, असं त्यांना वाटत होतं. "नंदे, नाव कोणाचंबी असो..."

"ते पुढचं बोलू नका," मी म्हणाले. "तुम्ही मला आडोसा दिला होता फाटकापाशी. मी तुम्हाला राखी बांधते. सांगायचंच आहे ना लोकांना? तुमच्या बाबांचं सांगा!"

कुंदाताईंनी माझा दंड धरला. भाऊ खाली बघत म्हणाले, "माहा बाप मी पाह्यलाच नाही."

मला ते माहीत होतं. माहीत असून मी बोलले होते. मला त्यांची दया आली, आणि त्या दयेचा त्याहून जास्त राग आला. स्वतःचं काही नाही म्हणून माणसाने दुसऱ्याच्या घरातलं उचलावं? तेही त्या घराने आपण होऊन दार उघडलं असताना? मला रडू फुटलं आणि रडता रडता मी नको ते बोलून गेले.

"आणि सांगताय ते धड खरंही नाही! बाबा बोललेच नव्हते. बोलूच शकत नव्हते. आणि गोड कुठलं? बिनमोसमाचं संत्रं होतं ते, आंबटढाण. मी ओठांवर ठेवलं आणि त्यांनी असं तोंड वाकडं केलं की मला हसूच आलं. मग तेही हसले. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. किती वेळ हसत होतो आम्ही दोघं. त्यानंतर ते हसले नाहीत. ते शेवटचं होतं."

बोलून थांबले तेव्हा पाहिलं, भाऊंची मान डावीकडे कलली होती. नजर माझ्या ओठांवर होती आणि अंगठा पेल्याच्या काठावरून हळूहळू फिरत होता. तेच ऐकणं. इतक्या वर्षांनी ते पाहून मी निवले. मला वाटलं, पोचलं यांना. आता कळलं यांना.

"आंबट होतं," ते हळूच म्हणाले.

"हो."

"गलती झाली वं." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "राखीले येजो." पुढच्या फेरीसाठी त्यांना हाका येत होत्या. ते गेले.

कुंदाताई स्कूटी काढायला गेल्या. मी लॉनच्या कुंपणाशी उभी राहून तोंड धुतलं, शाल नीट केली. मन हलकं झालं होतं. आता ते नाव बदलतील, निदान ती गोष्ट तरी सोडतील, असं मी स्वतःला सांगत होते. आत कर्ण्यावरून नव्या फेरीचं सगळं पहिल्यापासून सुरू होतं. जांभळं झाली, गुळाची पोती झाली. कुंदाताई येऊन "बस वं" म्हणाल्या आणि मी मागे बसतच होते.

"माझे बाबा," कर्ण्यातून आवाज आला, "गांधीबागेत कापडाच्या दुकानात होते."

मी उतरले.

"...मी मलमलीचा तुकडा त्यांच्या ओठांवर ठेवला. आणि मित्रांनो, आजवर हे मी कोणाला सांगितलं नाही. संत्रं आंबट होतं."

मी कुंपणापाशी गेले. कापडाच्या फटीतून भाऊ दिसत होते. केशरी जाकीट, हातात पेला, समोर बाकांवर गप्प बसलेली माणसं. त्यांनी तोंड वाकडं केलं. लोक हलकेच हसले. मग त्यांनी माइक गालापासून दूर केला, डोळे मिटले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज येत नव्हता.

बाबा अगदी असेच हसले होते.